सुंदरअक्कांचं सूप

आमच्या घरी दवाखाना म्हणजे शेजारच्या सुंदरअक्का. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात आई-वडील दोघंही मजुरीला जायचे. एका कापूसवेचणीत आईच्या पायाची जखम चिघळली. तालुक्याला गेलं तर कामाचा दिवस बुडतो, म्हणून ती तशीच लंगडत राहिली... शेवटी अक्कांनी बांधावरच्या घाणेरीचा पाला उकळून पंधरा दिवस तो पाय धुतला. पाय वाचला. गेल्या महिन्यात भावाचा फोन आला, "अक्का गेल्या," तेव्हा जळगावच्या कॉलेजात मी मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते.

आमच्या घराण्यात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पीएच.डी.ला विषय घेतला तो अक्कांचाच: घाणेरीच्या पानांचा अर्क जखमेतले जिवाणू मारतो का, आणि माणसाला बाधतो का. जिवाणू मेले तर काचेच्या बशीत अर्काभोवती स्वच्छ गोल कडं उमटतं. माझ्या बशीत तीनदा काहीच उमटलं नाही. गाईड मॅडम म्हणाल्या, विषय बदलायचं बघ. मी पाल्याचं चूर्ण पुडीत बांधलं आणि गाव गाठलं.

अक्कांनी चिमूट नाकाशी नेली. "याना वास कथा गया वं? ऊनमा वाळाडा का?"

हो म्हटलं. हॉस्टेलच्या गच्चीवर, चादरीवर पसरून, भर मे महिन्यात.

"शिकेल बायासले पाला बी पापडच दिखस."

मग त्यांनी स्वतः पाला खुडला, सुपात पसरला, ओसरीच्या सावलीत ठेवला. रोज परतायचा, परतताना वास घ्यायचा. निघताना सूपही माझ्या हातात दिलं. त्या पाल्याच्या अर्काने बशीत कडं उमटलं, आणि मी एकटीच हसत बसले.

विषारीपणाची तपासणी बाकी होती. कोळंबीच्या जातीचे बारीक जीव अर्कात सोडायचे, दुसऱ्या दिवशी जिवंत किती ते बघायचं. अगदी थोड्या अर्कातही सगळे मेले. आणि ताप-खोकल्याला अक्का याच पाल्याचा काढा साऱ्या गावाला पाजायच्या. जिने आईचा पाय वाचवला तिला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? दोन रविवार मी गावी गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी गेले आणि सांगून टाकलं.

अक्कांनी कातरलेली सुपारी तशीच बाजूला ठेवली. "मी त बठ्ठा गावले पाजा वं..." एवढंच म्हणाल्या. मग उठून चपला घातल्या. "चाल. मी सांगसू तं ऐकतीन."

घरोघर फिरल्या. काढा पिऊ नका, माझं चुकलं, पोरीने तपासून आणलंय, असं प्रत्येक दारात सांगितलं. एका म्हाताऱ्या आबांनी टोमणा मारला, "अक्का, आते पोर तुले शिकाडी का?"

"शिकाडू दे. त्यानाकरताच त शाळामा धाडी."

चूक कबूल करायला किती शिक्षण लागतं ते मला कुठल्या वर्गात कळलं नव्हतं. त्या दुपारी कळलं.

ते सूप आता माझ्या प्रयोगशाळेत असतं, खिडकीपासून लांब. कडा उसवल्यात, मी सुतळीने बांधल्यात. माझ्या विद्यार्थिनी त्यात पाला वाळवतात आणि परतताना, कुणी न सांगता, वास घेतात...

प्रबंध पूर्ण झाला, मी डॉक्टर झाले. आमच्या गावात घाणेरीचा काढा आता कुणी पीत नाही.