फणसाच्या लाकडाचा झोपाळा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, पण काल गल्लीत कुणी फणसाच्या लाकडावर रंधा मारत होतं आणि त्या गोडसर वासानं गप्प राहवेना. मंगळसूत्राआधी वधूवरांना झोपाळ्यावर बसवायची आमच्या तंजावरी घरांत रीत. बहिणीच्या लग्नासाठी सुतारानं नवा झोपाळा केला होता, पाठीला राजवाड्यातल्यासारखे इवले खांब आणि बैठक लाकडी पट्ट्यांची, चटईसारखी विणलेली. आणून देताना तो मला बाजूला घेऊन, तमिळमध्ये धाकट्या भावाला हाक मारतात तशी मारून म्हणाला, "तंबी, अप्पांना सांग, लाकूड ओलं आहे. सुकेपर्यंत कुणी बसू नका, पट्ट्या सुटतील." मी सांगितलं नाही, कारण मुलाकडच्यांपुढे त्या झोपाळ्याची ऐट मीच मिरवून आलो होतो. दुपार तापली की लाकूड आकसून रिकामा झोपाळा कट्‌कट्‌ वाजायचा आणि मी तिथून उठून जायचो. लग्नाच्या सकाळी वधूवर झोपाळ्यावर बसले, बायका गाऊ लागल्या, तो पुन्हा वाजला, बहीण हसून मला म्हणाली, "काय रे, झोपाळा माझ्या वजनाला भ्याला वाटतं!" आणि तिच्या बाजूची वीण उसवून ती खाली पडली. "मंगळसूत्राआधीच पोरगी जमिनीवर? नको हे लग्न," नवऱ्याची आत्या म्हणाली, आणि वऱ्हाड परत गेलं. अप्पांनी सुताराला बोलावून सगळ्यांदेखत हाकललं. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. सुतार आता नाही, अप्पाही नाहीत. बहीण आहे, एकटी, याच घरात. तिला खरं सांगणं अजून माझ्याकडून राहिलं आहे.