नंबर सातचा जोडीदार

प्रयोगशाळेत त्याला सगळे काप्या म्हणत. मेणात बसवलेली गाठ मशीनवर धरून तिचे कांद्याच्या सालीहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर सोडायचे आणि अलगद स्लाइडवर उचलायचे, यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. स्वभावाने मात्र एक नंबरचा हेकट.

त्याचा थोरला भाऊ एका दुर्मीळ कर्करोगाने गेला. इतका दुर्मीळ की त्यावर संशोधन करणाऱ्या मॅडमकडे वर्षानुवर्षं खपून जेमतेम सहा नमुने जमले होते. भाऊ जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा या शहाण्याने वहिनीपुढे गाठ संशोधनाला देण्याच्या संमतीचा कागद धरला. तिने सही केली आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. सातवा नंबर त्याने स्वतःच्या हाताने चिकटवला. कुणाचा, ते मॅडमना सांगितलं नाही.

सातमध्ये जनुकाचा एक बदल सापडला, जो बाकी कुठेच नव्हता. मॅडमनी तो बाजूला ठेवला. नमुने थोडे असले की योगायोगही शोध वाटायला लागतो, म्हणून निदान दोघांत दिसेल तेच धरायचं, हा त्यांचा नियम. आणि धरलं तरच त्यावरचं औषध रुग्णाला देऊन बघता येणार. नियम चोख होता, पण काप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ गेला तो गेला, वर मोजदादीतही नाही?

मग तो दुसऱ्याची वाट बघू लागला. स्पष्टच सांगायचं तर, कुणाला तरी तोच रोग व्हावा म्हणून हा गृहस्थ देव पाण्यात घालून बसला. आठवा नमुना आला, त्यात काहीच निघालं नाही. काप्याने त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तिसऱ्या वर्षी नववा आला. पुरुष, वय एकोणीस, नाव नेहमीप्रमाणे झाकलेलं. तुकडा तिळाएवढा, पण काप्याने एकही काप वाया जाऊ दिला नाही. कापताना चक्क शीळ घालत होता. महिन्याभराने त्यातही तोच बदल सापडला. त्याने सगळ्यांना चहा पाजला.

दुपारी मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या. कॉम्प्युटरने नमुन्यांची नाती तपासली होती.

"सात आणि नऊ बाप-लेक निघाले," त्या म्हणाल्या. "एका घरात असे शंभर बदल सारखे असतात. दोघं मिळून एकच धरायचा."

 त्या गेल्यावर त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनीला फोन लावला.

"पोराचा नमुना तुमच्याकडेच पाठवलाय म्हणाले डॉक्टर," ती म्हणाली. "मिळालं का काही, भाऊजी?"

मिळालंय पण धरता येत नाही, असं सांगून त्याने तिला सगळा नियम समजावला. 

"म्हणजे आता आणखी कुणाच्या तरी मुलाला व्हायची वाट बघायची?"

"हो," तो म्हणाला. "तीन वर्षं मी तेच केलं, वहिनी."