सर खाकरले, तर केस धरायची नाही

आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर पुष्कळ आले आणि गेले, पण शिवांजली मॅडमइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही. मी दीपमाला, पलूसची. सांगलीच्या त्या हॉस्पिटलात पेसमेकर बसवायच्या खोलीतली सिस्टर. मॅडम शिराळ्याच्या. हृदयाची मोठी पदवी मुंबईहून घेऊन सत्त्याण्णवच्या सुमाराला आल्या.

त्या काळी पदवी हातात पडली की पेसमेकर बसवायला कुणाची आडकाठी नसायची. दोन केसेस लांबून बघायच्या आणि तिसरी आपण करायची, असे महाभाग मी पाहिलेत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आमच्या मुतालिक सरांना त्याची भयंकर चीड. त्यांनी स्वतःचाच नियम केला होता. शिकणाऱ्याने त्यांच्यासमोर पंचवीस पेसमेकर बसवायचे. सर शेजारी हात बांधून उभे राहणार. काही चुकतंय असं दिसलं की ते खाकरायचे, आणि खाकरले की ती केस मोजायची नाही. पंचवीस भरल्या की मगच एकट्याने हात लावायचा.

मॅडमच्या चोवीस झाल्या, आणि पंचविसावी काही केल्या होईना. लागोपाठ दोनदा सर खाकरले. मॅडम रागाने हातमोजे आदळायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या आधी हजर. कराडहून एका हॉस्पिटलचं बोलावणं आलं, "पदवी आहे ना, मग या." त्यांनी सरळ नकार दिला. मला वाटलं, ही बाई वेडी आहे.

श्रावणाच्या तोंडावर त्यांच्या वडिलांना जीपमधून आणलं. लालासाहेब म्हणजे ऊसवाले शेतकरी आणि नागपंचमीला जिवंत नाग धरून मिरवणाऱ्या, शिराळ्यातल्या त्यांच्या गल्लीच्या नागमंडळाचे प्रमुख. नाडी मिनिटाला जेमतेम तीस. कितीतरी दिवस चक्कर येऊन पडत होते, पण कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कारण चक्कर येणाऱ्याने नागाला हात लावायचा नाही, हा त्यांच्याच मंडळाचा दंडक. पंचमीचा मान जाऊ नये म्हणून हा माणूस मरायला निघाला होता! माझा असा संताप झाला.

मॅडमनी तात्पुरती तार घालून नाडी सावरली. तेवढं एकटीने करायची त्यांना परवानगी होती. कायमचा पेसमेकर मात्र उद्या सर पुण्याहून आल्यावर, असं त्यांनी सांगितलं. मंडळातला नानासो सोबत आला होता, तो भडकला. "आवं, सवताच्या बापाला बी हात लावंना? मग ही कसली डाक्टरीण?"

लालासाहेबही म्हणाले, "शिवा, परक्याचा हात नगं. तूच कर आन् मोकळी हो."

"आबा, मला अजून मुभा न्हाई."

"मुभा कुणाची? पदवी हाय न्हवं?"

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. "ह्या नानासोकाकांना किती वर्सं नुसतं नागाचं मडकं धराय लावलंत? गावात तुमाला कोण इचारणार हुतं? तरी दिलात का नाग हातात?"

नानासो खाली बघू लागला. लालासाहेब भिंतीकडे तोंड करून पडले. पटलं वगैरे काही नव्हतं, चांगले रुसले होते.

दुसऱ्या दिवशी सर आले. "वडील आहेत. मी करू का?" त्यांनी विचारलं.

"मीच करते, सर. त्यांना माझाच हात हवाय. तुम्ही उभे राहा."

भूल फक्त खांद्याखाली दिलेली, त्यामुळे लालासाहेब जागे. शीर सापडली, तार एक्सरेच्या पडद्यावर सरकत सरकत हृदयात जाऊन टेकली. आकडे चांगले आले. मॅडमनी माझ्याकडे टाक्यांची सुई मागितली, आणि सर खाकरले. अगदी हळू.

मॅडम थबकल्या. "आबा, मोठ्ठा श्वास घ्या."

पडद्यावर तार ताणली गेली. आत ती पुरेशी सैल सोडलेली नव्हती; उठून चार पावलं चालले असते तर निसटलीच असती. मॅडमनी ती जरा आत सरकवली, पुन्हा श्वास घ्यायला लावला, पुन्हा तपासली. मग टाके घातले.

सरांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला. "पंचवीस झाल्या, शिवांजली. माझा घसा जरा कोरडा पडला होता, एवढंच."

माझे डोळेच भरून आले. सुटली एकदाची पोर, असं वाटलं.

"नाही, सर. तुम्ही खाकरलात. तुम्ही नसता तर आबा घरी जाऊन कोसळले असते. ही धरायची नाही."

त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला! तेवढ्यात हिरव्या कापडाखालून आवाज आला.

"साहेब, न्हाई म्हनतीया तर न्हाई. बाप हाय म्हून सूट द्यायची न्हाई." मग जरा दम खाऊन, "शिवा, भायेर कोण बसलंय फुडचं? घे त्येला आत."

बाहेर रहिमतपूरच्या रंगुबाई बसल्या होत्या. त्यांच्या वेळी सर शेवटपर्यंत खाकरले नाहीत. मी मुद्दाम सरांच्या तोंडाकडे बघत उभी होते.