जास्वंदीची फांदी

त्याचे नाव मी विचारले नाही. उतारवयात हौसेने घेतलेला माझा कॅमेरा मी माणिकपूरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात दाखवायला नेला होता, तिथे पक्ष्यांची छायाचित्रे काढणारा हा तरुण भेटला, आणि आमच्या परसातल्या जास्वंदीवर सूर्यपक्ष्याचे घरटे असल्याचे मीच बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हजर. तान्ह्या बाळाचे तोंड पुसावे तसे त्याने मऊ फडक्याने आपल्या कॅमेऱ्याचे भिंग पुसले. मग खिशातून कात्री काढून घरट्यावरची पाने कापू लागला.

"आत पिल्ले आहेत. कावळ्यांना दिसतील," मी चाचरत म्हणालो.

"काका, टेन्शन नका घेऊ. पानं परत येतात, असा उजेड परत येत नाही. फांदी धरा ना जरा."

मी फांदी धरली.

छायाचित्र अप्रतिम आले. संध्याकाळी घरटे रिकामे होते. चोचीत कोळी धरून मादी त्याभोवती भिरभिरत होती. वर्षभर मी त्याच्यावर आणि फांदी धरणाऱ्या माझ्या हातावर चरफडत राहिलो.

यंदा तिथेच नवे घरटे झाले. परवा तो पुन्हा फाटकाशी उभा राहिला, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर तेच हसू.

"काका, पानं आली की नाही परत?"

"पाने आली," मी आतून कडी घालत म्हणालो. "पिल्ले नाही आली."