उन्हात वाळवलेली पुस्तकं

शाळेत तिसरीच्या वर्गाचे पाढे चालले होते, तेव्हा शेजारच्या गुजराती दुकानदाराचा माणूस दारात येऊन उभा राहिला. आमच्याकडे फोन नाही, निरोप त्याच्या दुकानावर येतात. "बेन, हॉस्पिटलथी फोन हतो," एवढंच तो म्हणाला आणि खाली बघत राहिला... मी मुलांना म्हटलं, पाढे चालू ठेवा, आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

आता अक्कांना जाऊन महिना उलटून गेला. अक्का माझ्या थोरल्या नणंद. नवरा तरुणपणीच गेला म्हणून भावाच्या पाठोपाठ धुळ्याकडून सुरतेला आल्या आणि तिथल्या कतारगामात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागल्या. नणंद-भावजयीचं जसं असतं तसंच आमचं होतं. त्यांना माझी भाजी अळणी लागायची आणि मला त्यांचा आवाज खुपायचा. यंत्रांच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे मीठ मागितलं तरी ते चार घरांना ऐकू जायचं. अक्का मला कधी नावानं हाक मारत नसत. "मास्तरीणबाई, तुमच्या शाळेतली पोरं पुस्तक हातात धरतात का नुसतं दप्तरात वागवतात?" असं विचारायच्या आणि उत्तर माहीत असल्यासारख्या हसायच्या.

वाचनालयाचं खूळ त्यांच्या डोक्यात गावापासूनचं. गावात चावडीशेजारी एक वाचनालय होतं. तिथे पुरुष पेपर वाचत बसायचे, पण बाईमाणसानं त्याची पायरी चढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेल्या अक्का पाणी भरायला जाता-येता खिडकीतून आतलं कपाट बघायच्या, तेवढंच. सुरतेला आल्यावर त्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन आल्या. पुस्तकं भिंतभर होती, पण गुजराती. मराठीचं एक कपाट कोपऱ्यात होतं. ते दाखवणारा माणूस भला होता, पण किल्ली कुणाकडे आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. परत येताना अक्का मला म्हणाल्या, "अगं, सरकार काय, शेठ काय, मोठी वाचनालयं बांधतील. पण आपल्या बायका कामावरून सुटल्यावर पीठ लागलेल्या हातांनी जाऊ शकतील असं कुणी बांधणार नाही. ते आपणच करायचं."

आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची एक खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर तिथे ढोल, पत्रे आणि मांडवाचे बांबू पडलेले असतात. अक्कांनी मंडळाच्या रघुनाथभाऊंच्या मागे लागून त्या खोलीत एक कपाट ठेवलं. पुस्तकं आणायची कुठून? तर त्यांनी गल्लीत दंडकच घालून दिला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जो कुणी गावी जाईल त्यानं येताना पापड-कुरडयांच्या डब्याबरोबर एक पुस्तक आणायचं. कुणाचंही, कसलंही. फाटके दिवाळी अंक आले, शेतीची माहितीपत्रकं आली, कीर्तनाच्या पोथ्या आल्या, एकानं तर मामाचं कायद्याचं जाडजूड पुस्तक उचलून आणलं. अक्कांनी कशालाच नाही म्हटलं नाही. काही आखाज्यांनंतर दुसरं कपाट आलं. बांबू बाहेर गेले, मंडळी आत आली. त्या खोलीत 'शांतता राखा'ची पाटी कधी लागली नाही. लावली असती तरी उपयोग नव्हता, कारण वाचणारे सगळे लूमवाले, एकमेकांना पुस्तकातली गंमत सांगायचे तीही ओरडून.

मग ते प्लेगचं साल आलं. गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. तापाची बातमी फुटली आणि सुरत रिकामी व्हायला लागली. आमच्या गल्लीतली माणसं मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली. गाठोडी बांधताना कुणाला काय सुचतं! कपडे, देव, तवा... आणि बायकांनी उशाशी पडलेली अक्कांची पुस्तकंही गाठोड्यात कोंबली. दोन्ही कपाटं अर्धी ओस पडली. अक्का मात्र गेल्या नाहीत. "सगळे गेल्यावर परत येणाऱ्याला दार कोण उघडणार?" असं म्हणून त्या बसून राहिल्या. त्या एकट्या कशा राहणार म्हणून आम्हीही राहिलो. मी तेव्हा त्यांच्यावर इतकी चिडले होते की दोन-दोन दिवस बोलत नव्हते.

दिवाळीच्या सुमारास लोक परतले आणि पुस्तकंही परतली, पण ती घ्यायला कुणी तयार होईना. कुठल्या घरातून आली, कुणाच्या अंथरुणात होती, काय ठाऊक! जो तो पुस्तक खोलीच्या ओट्यावर टाकायचा आणि हात धुवायला पळायचा. रघुनाथभाऊ तोंडाला रुमाल बांधून आले. "अक्का, जाळी टाका हाई बठं. परत काही झालं तर लोक मंडळाला धरतीन," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. भ्यायलेला होता, आणि आम्ही सगळेच भ्यायलो होतो. रॉकेलचा डबाही त्यांनी बरोबर आणला होता. अक्का म्हणाल्या, "भाऊ, आज ही जाळली तर उद्या कपाटं भरतील, पण माणसं काही येणार नाहीत. पुस्तकाला हात लावायचा नसतो, एवढंच त्यांच्या लक्षात राहील." मग त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि ती सगळी पुस्तकं उन्हात पसरली. स्वतः मधोमध बसून, उघड्या तोंडानं, उघड्या हातांनी त्या एकेक पान उलटायला लागल्या. मी दारातून ओरडले, "अक्का, घरात मुलं आहेत!" त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून त्या खोलीतच निजायला लागल्या. जेवणाचं ताट मी ओट्यावर ठेवायची.

लोक लांबून बघायचे, पण जवळ कुणी येईना. दिवाळी सरली तरी खोली ओसच होती, आणि मला वाटायला लागलं की आता हे संपलं. अशात एके दुपारी मीराबाई आली. हीही कांड्या भरणारी, प्रौढ वर्गात जाऊन अक्षरं शिकलेली, ओळीखाली बोट ठेवून वाचणारी. तिनं पदराखालून एक गोळा काढला. ते पुस्तक होतं. अर्धं वाचून झालेलं ते पुस्तक तिनं पळताना गावी नेलं होतं. गावात कुणीतरी सांगितलं की शहरातून आणलेलं सगळं उकळून घ्या. म्हणून तिनं कपड्यांबरोबर तेही सोड्याच्या पाण्यात उकळलं. अक्कांसमोर ती रडायलाच लागली. "पुढे वाचानं व्हतं ना अक्का, म्हणीसन उकाळी लिधं..."

टाकून द्यायला नव्हे, परत करायलाही नव्हे, पुढचं वाचता यावं म्हणून तिनं पुस्तक उकळलं होतं! अक्का आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. नंतर कितीतरी दुपारी त्या दोघी ओट्यावर बसून सुईनं एकेक पान सोडवत होत्या. जी पानं सुटली ती मीराबाई तिथेच बसून मोठ्यानं वाचायची, आणि जी फाटली तिथलं अक्का तोंडी सांगायच्या. ते ऐकायला पलीकडच्या बायका आधी आपापल्या दारात आल्या, मग ओट्याखाली आणि मग ओट्यावर. रघुनाथभाऊंच्या बायकोनं एक दिवस जाताना सतरंजीवरचं एक पुस्तक उचललं. अक्कांनी मुद्दाम तिकडे पाहिलंच नाही.

गेल्या दोन वर्षांत अक्कांचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, कापसाच्या तंतूंनी छाती भरली आहे. शेवटी त्या खाटेवरून वाचायच्या आणि खोकल्याची उबळ आली की बोट पानात ठेवून थांबायच्या. एका रात्री श्वास लागला म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर टाकून द्यायच्या अंथरुणाचं गाठोडं बांधताना उशीखाली त्यांचं शेवटचं पुस्तक निघालं. शेजारची एकजण हळूच म्हणाली, "राहू द्या, तेही जाऊ द्या गाठोड्यातच. खोकल्याचं दुखणं होतं ना..." कुणीतरी ते गाठोड्यात सारलं. मी अडवलं नाही. मीराबाई पुढे झाली, तिनं गाठोड्यातून पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि उंबऱ्यात उभी राहून विचारलं, "हाई पुस्तक घर ली जाऊ का?"

मी सवयीनं खाटेकडे पाहिलं. खाट रिकामी होती. बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मीराबाईनं ते मलाच विचारलं होतं हे कळायला मला जरा वेळ लागला.

"ने," मी म्हटलं. आवाज फार लहान आला, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं, "ने गं. आणि खोली संध्याकाळी उघडी आहे."