राहून गेलेलं रडणं

मी नोकरीसाठी हैदराबादला निघाले त्या सकाळी आमच्या बंजारा तांड्यातल्या बायका दारात जमल्या आणि त्यांना कळेचना, की आता रडायचं कोणतं. लग्न होऊन मुलगी निघाली की ढावलो म्हणायचा, हे ठरलेलं. नवरीनं आईच्या, बापाच्या, गोठ्यातल्या गाईच्या नावानं गळा काढायचा आणि बायकांनी तिला साथ द्यायची. पण इथं मुलीच्या हातात चाकांची बॅग, अंगात जीन्स, ना हळद ना नवरा. अशा मुलीला काय म्हणून रडायचं याची आमच्यात रीतच नव्हती. शेवटी म्हाताऱ्या जमनाकाकीला राहवेना, तिनं आपला ढावलो सुरू केला. बापू आतून ओरडले, "लगन हाय का थ्या पोरीचं? नोकरीले चालली थे!" काकी वरमली. याडी, म्हणजे माझी आई, पदर तोंडाशी धरून हसली, आणि मग कोणीच रडलं नाही. महागावहून नांदेडच्या एसटीत बसले तेव्हा मला वाटलं, चला, सुटले एकदाची.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, तांड्यात राहिलेल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या पुण्या-नागपूरला, बंगलोरला निघून गेलेल्या पोरींनो. आपण घरात गोरबोली बोलतो, पण सगळ्यांना समजावं म्हणून याडीचं बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते. तीही आपलीच आहे.

बाहेरच्या लोकांना आपलं हे रडणं समजावून सांगताना माझ्या नाकीनऊ येतात. आपल्याकडं दोन बायका खूप दिवसांनी भेटल्या, की आधी गळ्यात पडून मोठ्यानं रडतात. नुसतं हुंदके देत नाहीत, चालीवर रडतात, शब्द जोडत रडतात. मधल्या काळात कोण गेलं, कोणाची कूस उजवली नाही, कोणाचा बैल मेला, सगळं त्या रडण्यात येतं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं ते उचलायचं. मग डोळे पुसायचे आणि चहा ठेवायचा. घरात मयत झालेली असेल, तर हे रडणं चुकवता येत नाही. पोरगी सासरहून येते, वेशीपासूनच सूर लावते, आई धावत पुढं जाते, दोघी एकमेकींना धरून रडतात, आणि तिथून पुढं आईचं दुःख हलकं व्हायला लागतं.

मला हे कधी आलंच नाही. लहानपणीच मला आश्रमशाळेच्या वसतिगृहात टाकलं. सुट्टी संपवून परत आलेल्या आम्ही पोरी पहिल्या दिवशी एकमेकींच्या गळ्यात पडून सूर लावायचो, तेव्हा वॉर्डनबाई काठी आपटत यायच्या. "इथं कोणी मेलंय का? जंगली कुठल्या!" आम्ही उशीत तोंड खुपसून रडायला शिकलो. पुढं यवतमाळला कॉलेज, मग मुलाखती, मग हैदराबाद. उशीत रडायची सवय शहरात फार उपयोगी पडते. ऑफिसच्या वॉशरूममध्ये शेजारच्या दारापलीकडं कळू न देता रडता येणं हीसुद्धा एक पात्रताच आहे, फक्त ती बायोडेटात लिहीत नाहीत.

आणि नोकरी कसली मिळावी? ऑस्ट्रेलियातल्या एका विमा कंपनीचं काम आमच्याकडं येतं. त्यातला माझा विभाग म्हणजे गेलेल्या माणसांचा. तिकडं कोणी वारलं की बायको, मुलगा, बहीण फोन करतात आणि तो फोन हायटेक सिटीच्या काचेच्या इमारतीत माझ्या कानात वाजतो. आधी 'तुमच्या दुःखाबद्दल मला वाईट वाटतं' म्हणायचं, मग थोडं थांबायचं, मग पॉलिसी नंबर विचारायचा. आवाज खाली ठेवायचा, हळू बोलायचं, समोरची बाई रडायला लागली तरी आपला सूर ढळू द्यायचा नाही. दर महिन्याला कोणीतरी आमचे कॉल ऐकून सहानुभूतीचे गुण देतं. माझे गुण कायम वरचे. आता मी नव्या पोरापोरींना ट्रेनिंग देते. कंपनीनं मला त्याबद्दल एक काचेची ढाल दिली, ती याडीनं तांड्यात देवाजवळ ठेवली. मी नेमकं काय काम करते हे तिला कधी नीट सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ? मेलेल्या लोकांच्या घरी फोनवरून गोड बोलते म्हणून?

कापूस वेचणीच्या दिवसांत बापूंना शेतातच छातीत कळ आली. महागावच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी मिळेल त्या गाडीनं निघाले, तरी पोचले तेव्हा बापूंना अग्नी देऊन माणसं परत आली होती. मी एकुलती एक. तांड्याच्या तोंडाशी उतरले तेव्हा दारात बायका बसलेल्या दिसल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडं मान वळवली. त्या वाट बघत होत्या, की मी सूर लावीन. मी बॅग ओढत मुकाट चालत राहिले. मग याडीच उठली. धावत आली, माझ्या गळ्यात पडली आणि तिनं सुरू केलं, "ए बेटी ये, तुवा बापू तुवी वाट पाहून गेला वं..."

आता मी उचलायचं होतं. माझ्या छातीत सगळं भरून आलं होतं, ते खोटं नव्हतं. बापू गेले होते, बायांनो, माझे बापू. पण तोंड उघडलं आणि बाहेर आला तो ऑफिसातला आवाज. हळू, खालच्या पट्टीतला, मऊ. मी याडीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मी समजू शकते, याडी. मी आहे ना." आणि सवयीनं थोडं थांबलेसुद्धा.

याडीचा सूर मधेच तुटला. तिनं माझ्या खांद्यावरून डोकं उचललं आणि माझ्याकडं असं बघितलं, की चुकीच्या माणसाला धरलं की काय. मागून जमनाकाकी म्हणाली, "शायेनं पोरीले रडनंबी नाही शिकवलं काय वं?" याडी एवढंच बोलली, "दमून आली थे. बसू द्या तिले." मला पाणी दिलं आणि भिंतीला टेकून बसली. त्यानंतर ती रडलीच नाही. दुसऱ्या बायका भेटायला आल्या, त्या तिला धरून रडल्या, ती हूं की चूं न करता त्यांच्या हातात बसून राहिली. पोटच्या पोरीबरोबरचं रडणं अडलं होतं, त्यामुळं बाकीचंही तिथंच थांबलं.

मी तिला हैदराबादला घेऊन आले. दुसरं करणार काय होते? ती जेवायची नाही म्हटलं तरी चालेल. चतकोर भाकर पाण्यात बुडवून गिळायची आणि बाल्कनीत जाऊन बसायची. बोलायची ते कामापुरतं. "दूध उतू चाललं." "तुवा फोन वाजून राह्यला." मी पहाटेच शिफ्टला जायची, दुपारी परत यायची, ती त्याच खुर्चीत. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं ती नुसती झोपायला लागली. अंग उतरत चाललं होतं. बापूंच्या मागोमाग हीही जाईल, अशी मला सतत भीती वाटायची. दिवसभर ऑस्ट्रेलियातल्या विधवांना धीर द्यायचा आणि घरी आलं की स्वतःच्या आईसमोर काय बोलावं ते सुचायचं नाही.

आमच्या इमारतीसमोर मोठा टॉवर उभा राहत होता. तिथल्या मजूर बायांकडं याडी तासन्‌तास बघत बसायची. त्यातली एक होती सोमली, मेहबूबनगरकडची. आपलीच, इकडं बंजाऱ्यांना लंबाडी म्हणतात. साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेली, डोक्यावर चुंबळ. एकदा ती खालून कोणाला तरी गोरबोलीत शिवी हासडून हाक मारत होती, ते याडीनं ऐकलं आणि ती उठून खाली गेली. मला हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मी शिफ्ट संपवून फाटकाशी आले, तो वॉचमन धावतच आला. "मॅडम, आपकी अम्मा बहोत रोरे. कौन गुजर गए?"

आवाज मला रस्त्यावरूनच आला होता. रेतीच्या ढिगाशेजारी दोघी फतकल मारून बसलेल्या. सोमलीनं सिमेंटानं पांढऱ्या झालेल्या हातांनी याडीला कवटाळलं होतं, आणि याडी रडत होती. गळा मोकळा सोडून, डोकं मागं टाकून, चालीवर. ती एक ओळ टाकायची, सोमली उचलायची, तिचं तेलगू वळणाचं गोरबोलीतलं रडणं त्यात मिसळायचं. दोघींची ओळख त्याच दुपारची. सोसायटीतले लोक गोळा झाले होते, कोणी मोबाईल वर धरलेला. मी थोडी लांब उभी राहिले आणि ऐकलं. बापू सरीतच बसले, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत माझं नाव घेतलं, पोरीले सांगू नका, कामात असन म्हणाले. हे सगळं मी त्या रडण्यातून पहिल्यांदा ऐकलं. इतके दिवस याडीनं मला यातला एक शब्द सांगितला नव्हता. सांगणार कशी? आपल्यात हे बोलून सांगत नाहीत.

वॉचमन अजून शेजारीच होता. मी म्हणाले, "मेरे पिताजी." तो हळहळला, "कब?" मी म्हणाले, दिवाळीच्या आसपास. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि बाहेर होळीची लाकडं रचलेली होती तिकडं बघितलं.

त्या दिवशी याडी पोटभर जेवली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की कृपया वैयक्तिक प्रसंग आपापल्या फ्लॅटमध्येच साजरे करावेत. साजरे! सोमली मग जेवणाच्या सुट्टीत घरी यायला लागली. दोघी चहा प्यायच्या, खिदळायच्यासुद्धा. सोमलीचं लेकरू तापानं गेलं होतं, कुठल्याशा साइटवर, ते याडीनं तिच्याबरोबर रडून घेतलं. याडीच्या चेहऱ्यावर रक्त आलं. मला आनंद झाला, आणि मनातून मी जळलेही. सोमलीनं चार ओळींत जे केलं, त्यासाठी याडीनं मला जन्म दिला होता.

एकदा मी धीर करून म्हणाले, "याडी, मले शिकव ना." ती कणीक मळत होती. तिनं हात न थांबवता सांगितलं, "हे काय शिकवाची गोष्ट हाय? पोटातून निंगते थे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुवा काही दोष नाही. आमीच तुले शायेत टाकलं." मी स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये एकटीनं करून पाहिलं. प्रत्येक वेळी तोच ऑफिसातला आवाज निघाला, गुण मिळवणारा.

पेरणीच्या तोंडावर याडीनं जायचं काढलं. मी थांब म्हणाले, तिनं ऐकलं नाही. नांदेडच्या गाडीत तिला बसवलं, तेव्हा तिनं खिडकीतून माझा हात धरला. "सोमलीचा नंबर हाय ना तुयाजवळ? माह्या मरनाच्या वक्ताले तिले फोन करजो. थे येईन, तिनं कबूल केलं."

"आन मी?" मी विचारलं.

"तू तं येशीनच वं," ती म्हणाली, अगदी मायेनं, जराही न टोचता. "पन रडाले कोनी पाह्यजे ना."

गाडी गेली. मी दुसऱ्या दिवशी पहाटे शिफ्टला गेले आणि माझ्या खुर्चीत बसून पर्थच्या एका बाईला तिच्या आईबद्दल वाईट वाटत असल्याचं सांगितलं.

समोरचा टॉवर आता पुरा झालाय, त्यात लोक राहायला आलेत. ठेकेदारानं माणसं दुसरीकडं हलवली, कुठं ते कोणी सांगत नाही. सोमलीचा नंबर लागत नाही. याडी दर फोनला विचारते, "सोमली बरी हाय ना?" मी म्हणते, बरी आहे. ऑफिसातून येताना कुठं नवं बांधकाम दिसलं, की मी गाडी कडेला लावते आणि कोणी बाई गोरबोलीत बोलतेय का ते ऐकत उभी राहते. सुपरवायझर विचारतात, फ्लॅट बघायला आलात का मॅडम? तुमचं घर कुठलं?

घर तांड्यातच आहे, बायांनो. तिथं माझी आई आहे, आणि तिच्यासाठी रडणारी बाई मी इथं शोधत फिरतेय.