कुंकू लावलेली कार्डं

परवा नातीच्या लग्नपत्रिकांना कुंकवाची बोटं लावताना मला आमची ती पोस्टकार्डं आठवली. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आमच्या यांनी अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर शिवणाचं दुकान काढलं, पण महिना झाला तरी गिऱ्हाईक फिरकेना. मग यांनी कारखान्यातल्या साहेबांची, उल्हासनगरच्या शेठजींची नावं मिळवली आणि माझं अक्षर बरं म्हणून प्रत्येकाला नावानिशी कार्ड लिहायला मला बसवलं. आमंत्रणाचा मजकूर मला एकच ठाऊक होता : 'रविवारी सकाळी आमचे येथे शुभकार्य योजिले आहे, सहकुटुंब अगत्य येणेचे करावे.' वर कोपऱ्यांना हळदकुंकूही लावलं. रविवारी दुकानापुढे नटूनथटून आलेल्या बायकापोरांची ही गर्दी! एका सिंधी शेठनं मिठाईचा पुडा पुढे करत विचारलं, "दुल्हन किधर है?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यांनी मात्र हार घातलेल्या नव्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं, "ही काय! आता आलाच आहात तर मापं देऊन जा." निम्म्यांनी हसत हसत दिलीसुद्धा. आहेरात आलेला पितळी तांब्या अजून वापरात आहे. परवा नातीनं विचारलं, "आजी, हा तुझ्या लग्नातला?" माझं लग्न चार माणसांत उरकलेलं, आहेर कुठला! म्हटलं, "नाही गं, सवतीच्या."